हँडप्रेसचं तेलपाणी: नव्यानं प्रेस घेणाऱ्यांसाठी

हँडप्रेस, म्हणजे हातानं हँडल फिरवून पत्रा किंवा रबर तोडायची स्क्रूची प्रेस, घेताना बहुतेकजण दोनच गोष्टी विचारतात: किती नंबरची आहे आणि कितीला द्यायची. वंगणाचा विषय निघतो तो थेट पंच (वरून येऊन माल तोडणारा तुकडा) डायच्या (खालच्या भोकाच्या साच्याच्या) काठावर आपटून त्याचा टवका उडाला की. सांगली, मिरज, कुपवाडच्या गाळ्यांत आणि घराच्या पडवीतही या प्रेसवर पोटापाण्याचे उद्योग चालतात. कुणी फवारणी पंपाचे रबरी वॉशर काढतं, कुणी पत्र्याच्या क्लिपा, कुणी हुपरीच्या चांदीकामाचे बारीक भाग. यंत्र साधं आहे. मोटर नाही, वायरिंग नाही. साधं आहे म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि एका पिढीला पुरून उरावी अशी प्रेस थोडक्या वर्षांत खिळखिळी होते.

नव्या माणसानं एक गोष्ट मनावर घ्यावी: जुनं तेल पुसल्याशिवाय नवं तेल घालायचं नाही. तेल कमी पडून खराब झालेल्या प्रेस मी पाहिल्यात, पण घाणेरड्या तेलावर तेल ओतून खराब झालेल्या जास्त पाहिल्यात. तेलात मिसळलेला धातूचा बुरा आणि धूळ यांची पेस्ट होते, आणि ती पेस्ट पॉलिश पेपरचं काम करते. वरून कितीही चांगलं तेल घातलं तरी तुम्ही त्या पेस्टलाच पातळ करून आत पोचवत असता.

एवढ्याशा झिजेनं काय बिघडतं, ते आकड्यांत बघू. १ मिलिमीटर जाडीचा साधा पत्रा तोडायचा असेल तर पंच आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के फट ठेवतात. म्हणजे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. आता पंच धरणारा, वरखाली सरकणारा रॅमच ०.१ मिलिमीटर डुगडुगत असेल तर ही फट एका बाजूला संपते आणि पंच डायला घासतो. जॉबला, म्हणजे तोडलेल्या तुकड्याला, एकीकडे बर (धारदार कंगोरा) येते, मग डायची धार जाते, मग एके दिवशी पंच तुटतो. आपण डाय बनवणाऱ्याला दोष देत बसतो आणि खरं दुखणं रॅमच्या स्लाइडमध्ये, म्हणजे तो सरकतो त्या खाचेत असतं.

आधी प्रेस ओळखा

समोर उभं राहून वरून खाली बघा. सगळ्यात वर आडवं हँडल, त्याच्या टोकाला लोखंडी गोळे. हँडल बसतं उभ्या स्क्रूवर. या स्क्रूचे आटे साध्या बोल्टसारखे नसतात. ते चौकोनी, जाड आणि एकाच वेळी तीन-चार सुरुवातींचे असतात, म्हणजे तीन-चार आटे शेजारीशेजारी गुंडाळलेले. त्यामुळे हँडलच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्यातच रॅम झपकन खाली येतो. स्क्रू ज्यातून फिरतो तो नट बॉडीच्या डोक्यात बसवलेला असतो, बहुधा गनमेटलचा (तांबं-कथलाच्या पिवळसर मिश्रधातूचा), काही प्रेसमध्ये बिडाचाच. स्क्रूच्या खालच्या टोकाला रॅम अडकवलेला असतो. रॅम ज्यात वरखाली सरकतो ती स्लाइड, आणि स्लाइडमधली फट कमीजास्त करायला एक पट्टी व तिला दाबणारे सेटिंग स्क्रू. रॅम किती खाली यावा हे ठरवणारा स्टॉपर वर स्क्रूवरच असतो.

वंगणाच्या जागा यातूनच निघतात: स्क्रू आणि नट, स्क्रूचं टोक रॅममध्ये फिरतं तो सांधा, आणि स्लाइडच्या बाजू. बस्स, तीनच. बाकी कुठेही तेल लागत नाही.

हात घालण्याआधी

हा भाग घाईत सोडू नका. जॅकचा स्क्रू वर नेऊन सोडला तर तिथेच थांबतो. हँडप्रेसचा थांबेलच असं नाही. आट्यांचा चढ मोठा असल्यामुळे रॅम आणि हँडलच्या वजनानं स्क्रू आपोआप फिरून रॅम खाली येऊ शकतो, आणि ताज्या तेलानंतर तर तो जास्तच सैल फिरतो. म्हणजे तेल घालून तुम्ही खाली पुसायला वाकलात, नेमका तेव्हाच तो यायचा.

म्हणून आधी पंच आणि डाय काढून बाजूला ठेवा. रॅमखाली बाभळीसारख्या टणक लाकडाचा ठोकळा उभा करा आणि रॅम त्यावर टेकवा. रॅम वर ठेवूनच काम करायचं असेल तर ठोकळा तेवढ्या उंचीचा घ्या आणि हँडल दोरीनं बॉडीला बांधून टाका. हँडलचे गोळे फिरतात त्या वर्तुळात कुणी उभं राहू नये, विशेषतः पडवीत प्रेस असेल तर लहान मुलं. ते गोळे मोठ्या माणसाच्या छातीच्या आणि मुलाच्या डोक्याच्या उंचीला येतात.

सामान

जुन्या सुती बनियनची किंवा धोतराची पांढरी फडकी भरपूर घ्या. रंगीत चिंधी नको, कारण काय निघालं ते तिच्यावर दिसत नाही. जुना टूथब्रश, रंगाचा बारीक ब्रश, अर्धा लिटर डिझेल, नळीवाली तेलकुपी, पाने, बारीक तार, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आणि गुण्या (काटकोन तपासायला) एवढं पुरतं.

तेल ६८ ग्रेडचं घ्या, त्यातही स्लाइडवे ऑइल मिळालं तर उत्तम. ६८ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला त्या तेलाचा दाटपणा ६८ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), एवढाच त्याचा अर्थ. स्लाइडवे ऑइलमध्ये चिकटून राहण्यासाठी खास द्रव्य घातलेलं असतं, त्यामुळे उभ्या रॅमवरून ते लगेच ओघळून जात नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली तेही पातळ पडतंय असं वाटलं तर स्लाइडसाठी २२० ग्रेड वापरायला हरकत नाही. सोबत लिथियम बेसच्या ग्रीसचा लहान डबा. सांगलीत गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात किंवा वंगणाच्या विक्रेत्याकडे ग्रेड सांगून मागा. “मशीनचं तेल द्या” म्हणालात तर शिलाई मशीनचं पातळ तेल हातात पडेल, आणि प्रेसच्या दणक्याला ते टिकत नाही.

काय वापरायचं नाही तेही सांगतो. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरतात. त्यात काजळी आणि इंजिनाचा बुरा असतो, आम्ल असतं, आणि रोज हाताला लागलं तर ते कातडीला घातक आहे. करडईचं तेल हवेत वाळून चिकट वार्निशासारखं बसतं, मग रॅम अडखळतो. खोबरेल हिवाळ्यात थिजतं. फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवणारं पातळ द्रव जाम नट सोडवायला छान, पण ते वंगण नाही. ते उडून जातं आणि जाताना आधीचं चांगलं तेलही धुऊन नेतं.

जुनी प्रेस घेतली असेल तर पहिली सफाई

जुन्या प्रेसला विकणारा बहुधा ताजा रंग मारून देतो. त्या रंगाखाली बॉडीच्या डोक्यावरची तेलाची भोकं बुजलेली असतात. पहिलं काम ती शोधणं. नटाच्या वरच्या बाजूला आणि स्लाइडच्या दोन्ही अंगांना बघा, बोटानं चाचपा. रंगात कुठे खळगा लागला की तारेनं टोकरा. आत वाळलेलं ग्रीस असेल तर डिझेलचे चार थेंब सोडून अर्धा तास थांबा आणि पुन्हा तार फिरवा. तेल घातल्यावर ते खाली आट्यांवर उतरलेलं दिसलं, तरच भोक मोकळं झालं असं समजा.

पुढे स्क्रू. हँडल हळूहळू फिरवत स्क्रू जितका वर येईल तितका आणा, उघड्या आट्यांवर ब्रशनं डिझेल लावा, टूथब्रशनं घासा, फडकं आट्यांत गुंडाळून पुसा. मग खाली न्या आणि पुन्हा तेच. फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत. याला वेळ लागतो, आणि तो द्यावा.

पूर्ण खोलायची वेळ आली तर खोलण्याआधी खुणा करा. स्क्रूच्या आट्यांना तीन-चार सुरुवाती असल्यामुळे परत बसवताना तो वेगळ्याच सुरुवातीतून आत शिरू शकतो. मग रॅम खाली आल्यावर हँडल तुमच्या समोर थांबायच्या ऐवजी भिंतीकडे थांबतं. खडूची खूण तेलात पुसली जाते. स्क्रू, नट आणि हँडल या तिन्हींवर पंचमार्कचा बारीक ठिपका मारा. स्क्रू आणि हँडल दोघांनी मिळून उचला, एकट्यानं नको.

फडकं वाचायला शिका

पुसून निघालेलं तेल फेकण्याआधी फडकं उजेडात धरा. प्रेसच्या पोटात काय चाललंय ते याहून स्वस्तात कळत नाही.

नुसतं काळसर तेल असेल तर ठीक आहे, वापरातलं तेल तसंच दिसतं. पिवळे, सोनेरी कण चमकत असतील तर गनमेटलचा नट झिजतोय. थोडे कण नव्या नटातून सुरुवातीला निघतात, पण दर आठवड्याला निघत राहिले तर स्क्रूला तेल पोचत नाही किंवा त्यात कचरा आहे. करडी, बोटांत चोळली की खरखरीत लागणारी पेस्ट म्हणजे लोखंडाचा बुरा, बहुधा स्लाइडमधून. आणि तांबूस-तपकिरी, कोको पावडरसारखी भुकटी निघाली तर तिथे तेल पूर्ण संपलं होतं आणि लोखंड लोखंडावर घासून गंजत होतं. ती जागा लक्षात ठेवा. तिथे तेल का पोचत नाही ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. बुजलेलं भोक, जास्त आवळलेली पट्टी, नाहीतर तिरकी बसलेली डाय, या तिन्हींपैकी एक कारण सापडतंच.

तेलकट फडकी कोपऱ्यात साठवू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

तेल कुठे आणि किती

स्क्रूला: रॅम खाली टेकवून वरच्या भोकातून चार-पाच थेंब, आणि उघड्या आट्यांवर ब्रशचा एक पातळ हात. मग हँडल सावकाश पूर्ण वरखाली करा, तीन-चारदा. आट्यांवर ओलसर चकाकी दिसली पाहिजे, थेंब लोंबता कामा नये. काहीजण स्क्रूला ग्रीस थापतात. बंद खोलीत चालेल, पण आपल्याकडे उघड्या शेडमध्ये रस्त्याची धूळ, शेजारच्या ग्राइंडरचा बुरा, सगळं त्या ग्रीसवर येऊन बसतं आणि ते पुसायला कुणी जात नाही. उघड्या आट्यांना तेलच बरं.

स्क्रूच्या टोकाचा सांधा: प्रत्येक ठोक्याचा सगळा जोर इथून जातो आणि जागा बंदिस्त आहे, म्हणून इथे ग्रीस. निपल (ग्रीस भरायचं बारीक तोंड) असेल तर आधी ते पुसा, मग ग्रीसगनचे एक-दोन दाब. कडेनं जुनं ग्रीस डोकावलं की थांबा. निपल नसेल तर महिन्यातून एकदा सांध्याची प्लेट सैल करून बोटानं ग्रीस भरा.

स्लाइडला: दोन्ही बाजूंना वरून दोन-दोन थेंब, रॅम वरखाली, मग खाली ओघळलेलं पुसून टाका. इथे हात आवरता घेणं फार गरजेचं आहे. रॅमवरून तेल थेट जॉबवर गळतं. नैसर्गिक रबर खनिज तेलानं फुगतं. वॉशर काढणाऱ्याच्या मालावर असे डाग पडले की ते वॉशर मापात राहत नाहीत, आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं तेव्हा कारण कळतही नाही. चांदीच्या किंवा पितळी कामात तेलाचा डाग तापवताना करपतो.

रोजचं वेळापत्रक एवढंच: सकाळी काम सुरू करण्याआधी रॅम आणि उघडे आटे पुसायचे, वर सांगितलेलं तेल घालायचं, डायशिवाय चार-पाच वेळा हँडल फिरवून हाताला कसं लागतंय ते बघायचं. दिवसभर सलग काम असेल तर जेवणानंतर स्लाइडला पुन्हा दोन थेंब. संध्याकाळी डायवरचा कीस ब्रशनं झाडा. कंप्रेसरच्या हवेनं उडवू नका, कारण तो कीस उडून नेमका स्लाइडच्या फटीत जाऊन बसतो, शिवाय डोळ्यांत. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी डिझेलनं एकदा नीट पुसून घ्या.

स्लाइडची पट्टी लावणं

रॅमला खालून दोन्ही हातांनी धरून पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलवा. हलका “टक” ऐकू आला किंवा हाताला लागला, तर पट्टी लावायची वेळ झाली.

रॅम नेहमीच्या कामाच्या उंचीवर आणा, म्हणजे जिथे पंच पत्र्यात शिरतो तिथे. झीज तिथेच जास्त असते. सेटिंग स्क्रू जागेवर धरणारे लॉकनट सैल करा. सेटिंग स्क्रू वरपासून खालपर्यंत एकेक करून, प्रत्येकी थोडा थोडा आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलंत तर पट्टी वाकडी बसते. हँडल जड लागायला लागलं की थांबा आणि प्रत्येक स्क्रू थोडासा मागे घ्या. ०.०५ मिलिमीटरचं फीलर पातं जेमतेम शिरेल एवढी फट पुरे. आता लॉकनट आवळताना सेटिंग स्क्रू पान्यानं धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

यानंतर रॅम पूर्ण वर न्या, पूर्ण खाली आणा. मधे मोकळा आणि वरच्या टोकाला घट्ट लागत असेल तर स्लाइड मध्यभागी झिजलीय. अशा वेळी घट्ट टोकाला रॅम सरकेल एवढीच पट्टी आवळा आणि मधला थोडा खेळ सोसा. खेळ मोजून डायच्या फटीपेक्षा जास्त निघाला तर स्लाइड घासून सरळ करून घ्यायला फिटर बोलवा. शेवटी गुण्या टेबलावर ठेवून रॅमला दोन बाजूंनी लावा. उजेड आरपार दिसत असेल तर टेबल आणि रॅम काटकोनात नाहीत, पट्टी पुन्हा बघा.

स्टॉपरबद्दल थोडक्यात: पंच पत्रा तोडून डायमध्ये किंचित उतरेल एवढंच खाली येऊ द्या आणि स्टॉपर तिथे पक्का करा. मोकळ्या डायवर गंमत म्हणून ठोके मारू नयेत. तो सगळा जोर नट आणि सांध्यावर जातो. पायाचे बोल्टही दर महिन्याला पान्यानं तपासा. स्टँड हलत असेल तर प्रत्येक ठोक्याला बॉडी एका बाजूला ओढली जाते आणि स्लाइड एकाच अंगानं झिजते.

पावसाळा, पूर आणि खंडेनवमी

जूनपासून शेडमधली हवा ओली असते. काम नसलेल्या दिवशी उघड्या लोखंडावर तेलाचा पातळ हात द्या आणि जाड सुती कापड टाका. प्लॅस्टिक गुंडाळू नका, त्याच्या आत घाम धरतो आणि रात्रीत तांबूस डाग उठतात.

कृष्णाकाठी शेड असलेल्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत. पाण्यात बुडालेल्या प्रेसचं हँडल आधी फिरवून बघायचा मोह होतो. फिरवू नका. आट्यांत आणि स्लाइडमध्ये बारीक गाळ असतो आणि एका फेऱ्यात तो नटाला चरे पाडतो. गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्यानं सगळं धुवा, पुसून हवेवर सुकवा, मग डिझेलनं आटे आणि स्लाइड पुन्हा पुन्हा धुवा. डिझेल गढूळ यायचं थांबलं की भरपूर तेल घालून हँडल बोटाच्या जोरानं हलवा. अडलं तर स्क्रू खोलून धुवा. हे सगळं पाणी ओसरल्यापासून एक-दोन दिवसांत व्हायला हवं. पूर येणार असं कळलं आणि प्रेस हलवणं शक्य नसेल, तर निदान आटे, सांधा आणि स्लाइड ग्रीसनं भरून टाका. पंच-डाय तर हातानं उचलून वरच्या मजल्यावर नेता येतात.

वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी करायची, तर खंडेनवमी सोयीची आहे. त्या दिवशी यंत्र बंदच असतं. पूजेआधी बॉडीच्या आतल्या वाकाला, जिथे सी आकाराचा गळा असतो, तडा आहे का ते बघा. बिडाला पडलेला बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. तो भाग डिझेलनं भिजवा, दहा मिनिटांनी कोरडा खडखडीत पुसा आणि त्यावर खडूची बारीक पूड चोळा. तडा असेल तर त्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर त्या प्रेसवर पत्रा तोडणं बंद करा. बिडाला वेल्डिंग मारून देणारे भेटतात, पण ठोक्यावर ठोके बसणाऱ्या जागी त्या वेल्डिंगच्या भरवशावर पंचाखाली हात आणि बोटं घालायला मी कुणाला सांगणार नाही.

पूजा मनापासून करा. हळदकुंकू रंगवलेल्या बॉडीला लावा, रॅमला आणि आट्यांना नको. नारळ बाजूला दगडावर फोडा. पाणी रॅमवर उडालं तर लगेच पुसून तेलाचा हात द्या.

नट झिजून हँडलला मोठा खेळ आला की वंगणानं काही होत नाही. आटे नीट बघा. त्यांची चौकोनी कड टोकदार झाली असेल तर तो भाग संपला. बहुतेक वेळा आधी नट जातो, कारण तो स्क्रूपेक्षा मऊ धातूचा मुद्दामच केलेला असतो, आणि तेवढाच बदलून भागतं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिल्यापासून आपल्या जिल्ह्यात ओतकामाची आणि लेथकामाची परंपरा आहे, त्यामुळे गनमेटल ओतून देणारा आणि आटे पाडणारा माणूस मिळतो. मात्र तीन-चार सुरुवातींचे आटे पाडणं साध्या आट्यांइतकं सोपं नाही. प्रत्येक सुरुवातीची विभागणी अचूक पडावी लागते. काम देण्याआधी असे आटे पूर्वी पाडलेत का ते विचारा, आणि जुन्या नटाबरोबर तुमचा स्क्रूही घेऊन जा. नवा नट त्या स्क्रूवर फिरवून बघूनच ताब्यात घ्या.